चेहऱ्याचे डिसेक्शन: पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी पायरीपायरीने

हातापायांचे डिसेक्शन (शिकण्यासाठी मृतदेह थराथराने उघडून पाहणे) नीट करून आलेला विद्यार्थीही चेहऱ्यापाशी अडखळतो, आणि त्याचे कारण वाचन कमी पडले हे नसते. हातापायांत त्वचेखाली चरबीचा थर, त्याखाली डीप फेशियाचा घट्ट पडदा आणि त्या पडद्याआड कप्प्याकप्प्यांत बसलेले स्नायू अशी शिस्तीची मांडणी असते. चेहऱ्यावर पॅरोटिड ही कानापुढची लाळग्रंथी आणि बक्सिनेटर हा गालातला स्नायू यांच्यावरचे आवरण सोडले तर डीप फेशिया नाहीच. भाव दाखवणारे स्नायू, त्यांना चालवणारे मज्जातंतू, रक्तवाहिन्या आणि चरबी हे सगळे सुपरफिशिअल फेशियात, म्हणजे त्वचेलगतच्या मऊ थरात, एकमेकांत गुंतलेले असते, आणि स्नायूंची टोके थेट त्वचेत रुजलेली असतात. त्यामुळे ‘आधी त्वचा, मग फेशिया, मग स्नायू’ हा अंगवळणी पडलेला क्रम येथे धरला, तर पहिल्याच तासाला निम्मे स्नायू त्वचेबरोबर निघून येतात.

थरांऐवजी दिशा लक्षात ठेवल्या की हा गुंता सुटू लागतो. समोर दिसणारा प्रत्येक तंतू किंवा वाहिनी कोठून आली, एवढे विचारावे. स्नायूंना हलवणारी फेशिअल नर्व्ह कानाकडून येते आणि पुढे पसरते. त्वचेला स्पर्शाची जाणीव देणाऱ्या ट्रायजेमिनल नर्व्हच्या मुख्य शाखा हाडातील छिद्रांतून समोर येतात. फेशिअल आर्टरी जबड्याखालून वर येते आणि तिरकी डोळ्याच्या आतील कोपऱ्याकडे जाते. पुढची प्रत्येक पायरी या तीन वाटांवर बेतलेली आहे. कोल्हापुरात तुम्ही शासकीय महाविद्यालयात असा किंवा कसबा बावड्यातील अभिमत विद्यापीठाच्या महाविद्यालयात, परीक्षेचा नमुना थोडा निराळा असेल. टेबलावरचे काम तेच राहते.

१. साहित्य आणि कागदपत्रे

महाविद्यालयाचे ओळखपत्र, जर्नल आणि लॉगबुक रोज जवळ असावे. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमात केलेल्या कामाची नोंद आणि त्यावरची शिक्षकांची सही यांना महत्त्व आहे. सत्र संपताना सगळ्या सह्या एकदम मागायला गेलात तर कोणी दारात उभे करणार नाही. पूर्ण बाह्यांचा एप्रन, हातमोजे आणि मास्क घ्यावा. डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स घालून हॉलमध्ये जाऊ नये. देह टिकवण्यासाठी वापरलेल्या फॉर्मॅलिनमुळे डोळे झोंबतात, आणि ही झोंबणारी जाणीव मेंदूकडे नेणारी ट्रायजेमिनलची ऑफ्थॅल्मिक शाखा पुढे सहाव्या पायरीत भेटणार आहे.

हत्यारांमध्ये ३ नंबरचे हँडल आणि त्यावर बसणारे १५ नंबरचे लहान ब्लेड, बारीक टोकाचे दोन फोर्सेप्स (एक दातेरी आणि एक साधा), टोकदार लहान कात्री व एक प्रोब एवढे पुरते. पाठीची त्वचा काढताना वापरलेले ४ नंबरचे हँडल आणि त्यावरचे २२ नंबरचे मोठे ब्लेड चेहऱ्याजवळ आणूच नये. खरे काम ब्लेडपेक्षा कात्रीने अधिक होते: मिटलेली कात्री ऊतींमध्ये सरकवावी आणि आत उघडावी, म्हणजे चरबी बाजूला होते आणि मज्जातंतू शाबूत राहतो. याशिवाय एक कवटी हवी. ती विभागातून बघायला मिळते. वसतिगृहावर नेण्याची मुभा आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

टेबलावरचा देह कोणीतरी स्वेच्छेने दिलेला असतो, किंवा १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्यानुसार महाविद्यालयाकडे आलेला असतो. छायाचित्र काढू नये, मोबाइल बाहेर ठेवावा. चेहऱ्याच्या बाबतीत हे अधिक कटाक्षाने पाळावे लागते, कारण माणसाची ओळख तेथेच असते.

२. आधी स्वतःचा चेहरा चाचपावा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सर्वांत जास्त वेळ वाचवणारी हीच आहे. आरशासमोर बसावे, हात स्वच्छ धुवावेत आणि पुढील जागा बोटाने शोधाव्यात.

भुवईखालच्या हाडाच्या कडेवर, आतील एक तृतीयांश आणि बाहेरील दोन तृतीयांश जेथे मिळतात तेथे एक खाच लागते. ती सुप्राऑर्बिटल नॉच. नख दाबले तर दुखते. डोळ्याच्या खोबणीच्या खालच्या कडेपासून साधारण १ सेंटिमीटर खाली इन्फ्राऑर्बिटल फोरामेन असते. खालच्या जबड्यावर दोन उपदाढांच्या खाली मेंटल फोरामेन असते. ही तिन्ही छिद्रे जवळजवळ एका उभ्या रेषेत येतात. कवटी हाती आली की या रेषेवर पट्टी धरून पाहावे. ट्रायजेमिनलच्या तिन्ही विभागांतील एकेक मुख्य शाखा या तीन दारांतून बाहेर पडते.

नंतर दात घट्ट आवळावेत. गालामागे जो स्नायू टणक होतो तो मॅसेटर. त्याची पुढची कड जबड्याच्या खालच्या कडेला जेथे मिळते, तेथे बोट हलकेच ठेवल्यास फेशिअल आर्टरीची नाडी लागते. भूल देणारे डॉक्टर रुग्णाच्या डोक्याशी बसून मनगटाऐवजी येथेही नाडी पाहू शकतात. ट्रॅगस म्हणजे कानाच्या भोकासमोरचा छोटा उंचवटा; त्याच्यापुढे लागणारी दुसरी नाडी सुपरफिशिअल टेंपोरल आर्टरीची असते.

दात आवळलेलेच ठेवावेत आणि गालाच्या हाडापासून बोटभर खाली, मॅसेटरच्या पुढच्या कडेवर बोट वरखाली फिरवावे. दोरीसारखे काहीतरी बोटाखाली घरंगळते. ती पॅरोटिड नलिका. ट्रॅगसपासून नाकपुडी व वरच्या ओठाची लाल कड यांच्या मध्यबिंदूपर्यंत रेघ ओढली, तर तिच्या मधल्या तिसऱ्या भागात ही नलिका येते.

३. त्वचा उचलताना

नाकाच्या मुळापासून हनुवटीपर्यंत मध्यरेषेवर एक छेद घ्यावा. नाकपुड्या आणि ओठ यांच्या कडेने तो वळवावा. दुसरा छेद तोंडाच्या कोपऱ्यापासून मागे जबड्याच्या मागच्या कडेपर्यंत आडवा जातो. वरचा पदर कानाकडे आणि खालचा पदर जबड्याच्या खालच्या कडेपर्यंत उलटवावा. पापण्यांवरची त्वचा इतकी पातळ असते की तेथे छेद घेताना हात टेकवूनच काम करावे.

ब्लेडची धार नेहमी त्वचेच्या आतील बाजूकडे असावी, स्नायूंकडे कधीही नाही. पदराच्या आतील बाजूस चरबीचा एक कणही न राहणे चांगले. पदर इतका पातळ झाला पाहिजे की त्याखाली धरलेले बोट जाणवावे. पदराला लालसर किंवा तपकिरी तंतू चिकटलेले दिसू लागले की तुम्ही स्नायू उचलत आहात. तेथेच थांबावे आणि ब्लेड त्वचेकडे वळवावे. सर्वांत आधी बळी जातो तो तोंडाचा कोपरा मागे ओढणारा रिसोरियस, आणि त्याखालोखाल मानेतून जबड्यावर चढणारा प्लॅटिस्मा.

४. स्नायू: यादी पाठ करण्याऐवजी छिद्रांभोवती मांडणी

नावांची संख्या पाहून घाबरू नये. हे सगळे स्नायू गर्भात दुसऱ्या ब्रँकिअल आर्चपासून (गर्भाच्या गळ्याशी तयार होणाऱ्या कमानींपैकी दुसरीपासून) तयार होतात, म्हणून सगळ्यांना एकच फेशिअल नर्व्ह चालवते. त्यांचे मूळ काम डोळे, नाकपुड्या आणि तोंड ही दारे उघडणे व मिटणे हे आहे. हसू आणि आठ्या हा त्याचा पुढचा भाग.

डोळ्याभोवती ऑर्बिक्युलॅरिस ऑक्युलाय वर्तुळाकार फिरतो. त्याचा पापण्यांतील भाग हलकेच डोळा मिटतो. खोबणीच्या कडेवरचा भाग धूळ आल्यावर किंवा कडक उन्हात डोळा गच्च आवळतो. पापणी बाहेरच्या बाजूला ओढली की आतील कोपऱ्यात एक ताठ पट्टा उभा राहतो, तो मीडिअल पॅल्पेब्रल लिगामेंट. येथे पहिला सापळा आहे. डोळा मिटणारा स्नायू फेशिअल नर्व्हचा, पण वरची पापणी उचलणारा लिव्हेटर पॅल्पेब्री सुपीरिओरिस हा मुख्यतः ऑक्युलोमोटर नर्व्हचा आहे. म्हणून फेशिअल नर्व्ह गेली तर डोळा मिटत नाही, आणि ऑक्युलोमोटर गेली तर तो उघडत नाही. तोंडी परीक्षेत यावर हमखास प्रश्न येतो.

तोंडाभोवती ऑर्बिक्युलॅरिस ओरिस आहे आणि त्याला चहूबाजूंनी स्नायू येऊन मिळतात. गालाच्या हाडावरून झायगोमॅटिकस मेजर तिरका खाली उतरतो; तो जाड असतो आणि सहज ओळखू येतो, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करावी. त्याच्या आतील बाजूस झायगोमॅटिकस मायनर, मग वरचा ओठ उचलणारा लिव्हेटर लॅबिआय सुपीरिओरिस, आणि नाकाच्या कडेने ओठ व नाकपुडी दोन्ही उचलणारा लांब नावाचा लिव्हेटर लॅबिआय सुपीरिओरिस अलीकी नेझाय. लिव्हेटर अँग्युलाय ओरिस मात्र यांच्या खाली खोल असतो. खालच्या बाजूने डिप्रेसर अँग्युलाय ओरिस, त्याच्या आत डिप्रेसर लॅबिआय इन्फीरिओरिस आणि हनुवटीवर मेंटॅलिस. तोंडाच्या कोपऱ्याच्या किंचित बाहेर यांतील अनेक स्नायूंची टोके एका घट्ट गाठीत मिळतात. ती गाठ म्हणजे मोडिओलस. अंगठा गालाच्या बाहेरून व तर्जनी आतून धरली तर ती स्वतःच्या तोंडातही जाणवते.

बक्सिनेटर सर्वांत खोल आहे. घास दातांखाली ठेवण्याचे काम तो करतो. तो लुळा पडला की भाकरीचा तुकडा गाल आणि हिरडी यांच्यामध्ये साचून राहतो व रुग्ण बोटाने तो काढतो. बक्सिनेटर चघळण्यास मदत करतो म्हणून तो मॅंडिब्युलर नर्व्हचा (ट्रायजेमिनलच्या खालच्या जबड्याकडील विभागाचा) असेल असा तर्क विद्यार्थी करतात. मॅंडिब्युलर नर्व्हची बक्कल शाखा या स्नायूला भेदून जाते हेही खरे, परंतु ती केवळ जाणीव वाहते. त्याला हलवणारी बक्कल शाखा वेगळी आहे, आणि ती फेशिअल नर्व्हची आहे. मॅसेटर आणि कानशिलावरचा टेंपोरॅलिस मात्र खरोखरच मॅंडिब्युलर नर्व्हचे आहेत. ते पहिल्या आर्चपासून आलेले चघळण्याचे स्नायू असून भावदर्शनाशी त्यांचा संबंध नाही.

५. धमनी आणि शीर एकत्र शोधाव्यात

दुसऱ्या पायरीत जेथे नाडी लागली होती, तेथूनच सुरुवात करावी. फेशिअल आर्टरी मानेतील एक्स्टर्नल कॅरॉटिड धमनीची शाखा असून ती जबड्याची खालची कड ओलांडून चेहऱ्यावर येते. नंतर ती तोंडाच्या कोपऱ्याच्या सुमारे १.२५ सेंटिमीटर बाहेरून नाकाच्या कडेने डोळ्याच्या आतील कोपऱ्यापर्यंत जाते. तिची वाट नागमोडी असते, कारण गाल, ओठ आणि जबडा सतत हलतात आणि धमनी सरळ असती तर ताणली गेली असती. वाटेत ती झायगोमॅटिकस मेजरच्या खालून जाते, म्हणून हा स्नायू मुळाशी न कापता बाजूला उचलून पाहावे. वाटेत खालच्या ओठाला, वरच्या ओठाला आणि नाकाच्या कडेला तिच्या शाखा जातात. तिच्या शेवटच्या भागाला अँग्युलर आर्टरी म्हणतात.

फेशिअल व्हेन धमनीच्या मागे असते आणि सरळ असते. टेबलावर दोघींतला फरक सांगताना हा सरळपणा आणि नागमोडीपणा रंगापेक्षा अधिक भरवशाचा, कारण फॉर्मॅलिनमध्ये सगळेच तपकिरी दिसते.

या दोन वाहिन्यांबाबत दोन व्यवहारोपयोगी गोष्टी आहेत. ओठांच्या धमन्या मध्यरेषेवर दुसऱ्या बाजूच्या धमन्यांना थेट जोडलेल्या असतात. मोटरसायकलवरून पडून ओठ फाटलेला माणूस आला, तर जखमेच्या एकाच बाजूला दाबून रक्त थांबत नाही. ओठ दोन्ही बाजूंनी अंगठा व तर्जनीच्या चिमटीत धरावा लागतो. दुसरी गोष्ट शिरेची. डोळ्याच्या आतील कोपऱ्याशी फेशिअल व्हेनचा संबंध सुपीरिअर ऑफ्थॅल्मिक व्हेनशी येतो, आणि तेथून कॅव्हर्नस सायनस या कवटीच्या आतील शिरेच्या रक्ताच्या पोकळीशी. डीप फेशिअल व्हेन आणि टेरिगॉइड व्हीनस प्लेक्सस (जबड्याआडचे शिरांचे जाळे) यांच्यामार्फत आणखी एक वाट आत जाते. वरचा ओठ आणि नाक यांवरची पुळी फोडू नये असे घरातली मोठी माणसे सांगतात, ते शरीररचनेच्या दृष्टीने योग्यच आहे: रक्त उलट दिशेने वाहिले, तर जंतुसंसर्ग या वाटांनी कॅव्हर्नस सायनसपर्यंत पोहोचू शकतो.

६. पॅरोटिड, फेशिअल नर्व्ह आणि हाडातून येणाऱ्या शाखा

सर्वांत नाजूक काम येथे आहे, आणि ते एका बैठकीत उरकण्याचा हट्ट धरू नये. फेशिअल नर्व्ह स्टायलोमॅस्टॉइड फोरामेन या कवटीच्या तळातील, कानाखालच्या छिद्रातून बाहेर पडते, पॅरोटिड ग्रंथीत शिरते आणि ग्रंथीच्या आतच फाटे फोडते. नवशिक्यांनी खोडापासून शोध घेऊ नये. ग्रंथीच्या पुढच्या कडेने बाहेर पडणाऱ्या शाखा आधी पकडाव्यात आणि त्यांचा माग काढत मागे कानाकडे यावे. पॅरोटिड नलिका सापडली की काम सोपे होते, कारण बक्कल शाखा तिच्या आसपासच असतात. कात्री नेहमी शाखांना समांतर उघडावी. आडवा छेद घेतला की शाखा तुटलीच म्हणून समजा.

शाखांचे पाच गट आहेत: टेंपोरल, झायगोमॅटिक, बक्कल, मार्जिनल मॅंडिब्युलर आणि सर्व्हायकल. यांपैकी मार्जिनल मॅंडिब्युलर शाखा कधी कधी जबड्याच्या कडेखाली उतरते आणि नंतर वर येते. जबड्याखाली शस्त्रक्रिया करणारे शल्यविशारद छेद कडेपासून सुमारे २ सेंटिमीटर किंवा त्याहून खाली घेतात, ते याच शाखेला जपण्यासाठी. ती कापली गेली तर खालच्या ओठाचा कोपरा खाली ओढता येत नाही. जन्मतः कानामागचा मॅस्टॉइडचा उंचवटा तयार झालेला नसतो, म्हणून नवजात बाळात फेशिअल नर्व्हचे खोड त्वचेच्या अगदी जवळ असते आणि प्रसूतीच्या वेळी चिमट्याने त्याला इजा होऊ शकते.

ग्रंथीत वरून खोलवर जाताना क्रम असा लागतो: आधी फेशिअल नर्व्ह, मग रेट्रोमॅंडिब्युलर व्हेन, आणि सर्वांत आत एक्स्टर्नल कॅरॉटिड आर्टरी. एवढे ग्रंथीतून जाऊनही फेशिअल नर्व्ह त्या ग्रंथीला काहीही पुरवत नाही. तांबड्या रश्श्याचा वास आल्यावर पॅरोटिडला लाळ सोडण्याचा हुकूम ग्लॉसोफॅरिंजिअल नर्व्हकडून येतो. ऑटिक गँगलिअन या मज्जातंतूंच्या गाठीत तो बदलून ऑरिक्युलोटेंपोरल नर्व्हच्या सोबतीने ग्रंथीत पोहोचतो. नलिका मात्र मॅसेटरवरून पुढे येते, त्याच्या पुढच्या कडेला आत वळते, बक्सिनेटर भेदते आणि वरच्या दुसऱ्या दाढेसमोर तोंडात उघडते. तिची लांबी सुमारे ५ सेंटिमीटर असते.

आता हाडातल्या दारांकडे. लिव्हेटर लॅबिआय सुपीरिओरिस इन्फ्राऑर्बिटल फोरामेनच्या वर उगवतो आणि लिव्हेटर अँग्युलाय ओरिस त्याच्या खाली. वरचा स्नायू मुळापासून सोडवून खाली उलटवला की दोघांच्या मधून पंख्यासारखी पसरलेली इन्फ्राऑर्बिटल नर्व्ह दिसते. ही नर्व्ह चांगली जाड असते, आणि ती पाहिली की सूक्ष्म शाखांच्या शोधात आलेला वैताग बराचसा जातो. डिप्रेसर अँग्युलाय ओरिस उलटवला की त्याखाली मेंटल नर्व्ह सापडते. सुप्राऑर्बिटल नर्व्हसाठी भुवईच्या वरच्या स्नायूंमध्ये कात्री उभी उघडावी.

चेहऱ्याच्या त्वचेला जाणारे ट्रायजेमिनलचे ११ तंतू पाठ करावे लागतात: ऑफ्थॅल्मिकचे ५, मॅक्सिलरीचे ३ आणि मॅंडिब्युलरचे ३. त्यांत एक जागा निसटते. जबड्याच्या कोनावरची त्वचा ट्रायजेमिनलकडे नाही; तेथे मानेतून दुसऱ्या व तिसऱ्या सर्व्हायकल नर्व्हची ग्रेट ऑरिक्युलर शाखा येते. परीक्षक आकृतीवर बोट ठेवून नेमकी हीच जागा विचारतात.

७. रुग्णासमोर

पुढच्या वर्षी वॉर्डात जाल तेव्हा राधानगरी किंवा गगनबावड्याकडून आलेल्या एखाद्या आजी ‘तोंडावरनं वारं गेलं’ असे सांगतील. अशा वेळी ‘आजी, कपाळाला आठ्या घाला’ असे म्हणावे. मग डोळे गच्च मिटायला, दात दाखवायला आणि गाल फुगवायला सांगावे. चेहऱ्याची पूर्ण एक बाजू हलत नसेल, कपाळासकट, तर इजा फेशिअल नर्व्हमध्येच किंवा मेंदूतील तिच्या केंद्रकात आहे. फक्त खालचा भाग लुळा असेल आणि आठ्या पडत असतील, तर इजा त्याहून वर, मेंदूच्या विरुद्ध बाजूला आहे. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा मिळत असल्यामुळे ते वाचतात. दुसऱ्या प्रकारात पक्षाघाताची शंका धरून तातडीने वरिष्ठांना बोलवावे. पहिला प्रकार अचानक होतो आणि त्याचे दुसरे कारण सापडत नाही, तेव्हा त्याला बेल्स पाल्सी म्हणतात. हे नाव चार्ल्स बेल यांच्यावरून पडले.

डोळा मिटत नसेल तर बुबुळ कोरडे पडते, म्हणून त्याची काळजी आधी घ्यावी लागते. बुबुळाला कापसाचे टोक लावून पाहताना स्पर्शाची बातमी ट्रायजेमिनल आत नेते आणि पापणी मिटण्याची आज्ञा फेशिअल नर्व्ह बाहेर आणते. फेशिअल नर्व्ह गेलेल्या रुग्णात त्या बाजूची पापणी मिटत नाही, पण स्पर्श जाणवतो व दुसऱ्या बाजूची पापणी मिटते.

यानंतर दोन प्रश्न विचारावेत: जिभेच्या पुढच्या भागाला चव कळते का, आणि त्या बाजूच्या कानाला आवाज नेहमीपेक्षा मोठा वाटतो का. चव नेणारी कॉर्डा टिंपॅनी आणि कानातील आवाज मंद करणाऱ्या स्टेपीडिअस स्नायूची शाखा या दोन्ही, नर्व्ह स्टायलोमॅस्टॉइड फोरामेनमधून बाहेर पडण्याआधीच तिच्यापासून निघतात. चव आणि ऐकणे दोन्ही ठीक असेल आणि तरीही पूर्ण बाजू हलत नसेल, तर इजा त्या छिद्राच्या बाहेर, म्हणजे बहुधा पॅरोटिडच्या परिसरात आहे, आणि तुमचे बोट जबड्याच्या कोनामागे गाठ आहे का हे चाचपण्यासाठी जायला हवे.